व्यायामांची यादी मागणाऱ्या फिजिओंसाठी

मोटर कंट्रोल, म्हणजे मेंदू स्नायूंना कधी आणि कसं कामाला लावतो ते, आणि क्लिनिकल पिलाटेज, म्हणजे पेशंटसाठी बेतलेले पिलाटेजचे व्यायाम, यांच्या माझ्या कोर्सला आलेल्या फिजिओंचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "मॅडम, मॅन्युअल कधी मिळेल?" म्हणजे व्यायामांची यादी, फोटो, किती वेळा करायचं, कुठल्या दुखण्याला कुठला व्यायाम. प्रश्न रास्त आहे. सोमवारी सकाळी पेशंट समोर येऊन बसणार आणि त्याला काहीतरी द्यावं लागणार. मॅन्युअल मी देतेच. पण पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते कपाटात असतं. यादी हातात आली की नजर कागदावर खिळते आणि समोरच्या माणसाकडे बघायचं राहून जातं, हे मी फार वेळा पाहिलंय.

मग सकाळभर आम्ही एकच हालचाल करतो. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवलेले, तळवे मॅटवर टेकलेले, आणि एक पाय वीतभर उचलायचा. एवढंच. एकाने करायचं, बाकीच्यांनी भोवती बसून बघायचं आणि दिसलं ते सांगायचं.

उत्तरं येतात ती अशी : "कोअर वीक आहे." "ग्लूट्स फायर होत नाहीयेत." "हिप फ्लेक्सर टाइट आहेत." म्हणजे धडाचे स्नायू कमजोर, नितंबाचे स्नायू जागे होत नाहीत, खुब्यापुढचे स्नायू आखडलेले. यातलं काहीही कुणी पाहिलेलं नसतं. हे सगळे निष्कर्ष आहेत, तेही पाठ झालेले. मी पुन्हा विचारते, दिसलं काय? खोली जरा शांत होते आणि मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागते. पाय उचलायच्या आधीच श्वास थांबला. ज्या बाजूचा पाय उचलला त्या बाजूला कंबर मॅटकडे कलली. खालच्या बरगड्या वर उघडल्या. दुसऱ्या पायाची टाच मॅटमध्ये रुतली. हाताची बोटं ताणली गेली, जबडा आवळला. एकदा एक मुलगी म्हणाली, "पाय उचलताना ते छताकडे बघत होते, खाली ठेवताना डोळे मिटले." याला म्हणतात बघणं.

ही माहिती हातात आली की तिचं काहीतरी करता येतं. श्वास थांबतोय? मोठ्याने आकडे म्हणत पाय उचलायला सांगून बघ. कंबर कलतेय? पूर्ण पाय नको, फक्त टाच उचलू दे. किंवा तळव्याखाली छोटा ठोकळा ठेव, म्हणजे पायाचा प्रवासच कमी होईल. बदल केल्यावर दुखणं कमी झालं, वाढलं की तसंच राहिलं? तिन्ही उत्तरं उपयोगाची आहेत. "कोअर वीक" या निदानातून मात्र पुढचं पाऊल एकच निघतं, कोअर मजबूत करा, आणि मग सगळ्यांना तेच चार व्यायाम.

हे पाठ झालेले निष्कर्ष आले कुठून, हे समजावं म्हणून मी एक जुना प्रयोग फळ्यावर काढून दाखवते. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी तो प्रसिद्ध केला. माणूस उभा आहे, इशारा मिळाला की हात झटकन हलवायचा. पोटाच्या स्नायूंमध्ये बारीक तारेचे इलेक्ट्रोड बसवलेले. कंबरदुखी नसलेल्या १५ जणांमध्ये ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस, म्हणजे पोटाच्या भिंतीतला सगळ्यांत आतला आडवा स्नायू, हात हलवणाऱ्या डेल्टॉइड या खांद्यावरच्या स्नायूच्याही आधी जागा झाला. हात हलला की धडाला धक्का बसणार, हे मेंदूने आधीच धरलं आणि तयारी केली. कंबरदुखीचा त्रास असलेल्या १५ जणांमध्ये हीच तयारी उशिरा आली.

इथे मी थांबते आणि विचारते, ज्या १५ जणांत स्नायू वेळेवर आला, त्यांना कुणी पोट आत घ्यायला सांगितलं होतं का? नव्हतं. त्यांना फक्त हात हलवायला सांगितलं होतं. फरक सापडला तो वेळेचा, सेकंदाच्या अगदी छोट्या भागाचा, आणि तोही आपोआप घडणाऱ्या तयारीतला. ताकदीचा तिथे प्रश्नच नव्हता. तरी पुढच्या काही वर्षांत जगभरच्या दवाखान्यांत याचं रूपांतर झालं ते "बेंबी मणक्याकडे ओढा आणि धरून ठेवा" या सूचनेत. पालथं झोपवून पोटाखाली हवेची पिशवी ठेवायची, ती ७० मिलिमीटर पाऱ्याइतकी फुगवायची आणि पोट आत घेतल्यावर काटा किती उतरतो ते बघायचं. पिशवी वाईट नाही. मी ती आजही वापरते, मानेच्या पेशंटसाठी तर आवर्जून : मानेखाली २० वर सुरुवात, मग हनुवटीने हलकेच होकार देत दोन-दोनने ३० पर्यंत, प्रत्येक पायरीला १० सेकंद. ऑस्ट्रेलियन फिजिओ ग्वेन जल यांच्या या चाचणीत मानेपुढचे वरवरचे स्नायू कधी मध्ये घुसतात ते बोटाखाली स्पष्ट कळतं. पण काटा उतरला म्हणजे माणूस बरा झाला, असा जो समज पसरला, त्याची किंमत पेशंटनी मोजली. उठता-बसता पोट आवळून धरणारी, खाली पडलेला पेन उचलायलाही श्वास रोखणारी माणसं माझ्याकडे येतात. कुणीतरी कळकळीने शिकवलेलंच ती इमानदारीने पाळत असतात.

त्याच विद्यापीठातल्या ज्युली हाइड्स यांचं काम मला जास्त जवळचं वाटतं. कंबर अचानक धरलेल्या लोकांमध्ये मल्टिफिडस हा मणक्यालगतचा स्नायू दुखऱ्या बाजूला लहान झालेला त्यांना अल्ट्रासाउंडवर दिसला, आणि दुखणं थांबल्यावरही तो आपोआप पूर्ववत होत नाही, हेही. २००१ च्या त्यांच्या पाहणीत एका वर्षात दुखणं उलटण्याचं प्रमाण ठरावीक व्यायाम केलेल्यांत ३० टक्के होतं आणि नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ८४ टक्के. गट लहान होता, सगळे मिळून ३९ जण. हे आकडे सांगताना गटाचा आकारही सांगायचा, असा माझ्या वर्गात नियम आहे.

कारण पुढे मोठे आढावे आले. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या मोटर कंट्रोल व्यायामांच्या २९ चाचण्या एकत्र तपासल्या. काहीच न करण्यापेक्षा हे व्यायाम चांगले, पण इतर व्यायामांपेक्षा फार सरस नाहीत, असा त्याचा सूर होता. पिलाटेजवरच्या २०१५ च्या आढाव्यात १० चाचण्या, ५१० माणसं, आणि निष्कर्ष साधारण तोच. २०२१ मध्ये २१७ चाचण्यांचं जाळं विणून केलेल्या विश्लेषणात पिलाटेज काही व्यायामप्रकारांपेक्षा पुढे दिसलं, मॅकेन्झी पद्धतीच्या, म्हणजे ठरावीक दिशेची हालचाल पुन्हा पुन्हा करायच्या पद्धतीच्या, जोडीने. ही स्लाइड आली की वर्गातले काही चेहरे उतरतात. एवढे पैसे आणि सुट्ट्या घालवून आलो आणि हे इतर व्यायामांसारखंच?

माझं म्हणणं असं आहे. सरासरीत सगळे व्यायाम जवळपास येतात, कारण सरासरीत समोरचा माणूस पुसला जातो. एखाद्याला चालण्यानेच बरं वाटणार असतं, त्याला मॅटवर झोपवायची गरज नाही. एखादी बाई वाकायलाच घाबरते, तिला वाकण्याची एक सुरक्षित वाट दाखवावी लागते, आणि ती वाट बनवायला पिलाटेजमध्ये सामान भरपूर आहे. कुठलं सामान कधी काढायचं आणि कधी बाजूला ठेवायचं, हे शिकवण्यासारखं आहे. ते यादीत बसत नाही, म्हणून तर समोरासमोर यावं लागतं.

आता थोडं पिलाटेजविषयी. जोसेफ पिलाटेज १८८३ मध्ये जर्मनीत जन्मले. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं, त्यातला बराच काळ आयल ऑफ मॅनवरच्या छावणीत. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्याबरोबर त्यांनी स्टुडिओ चालवला. आपल्या पद्धतीला ते स्वतः कंट्रोलॉजी म्हणत. मॅटवरचे त्यांचे मूळ ३४ व्यायाम धडधाकट शरीरासाठी आहेत. त्यातला पहिलाच, हंड्रेड, डोकं आणि दोन्ही पाय हवेत धरून हातांचे शंभर ठोके मागतो. तीव्र कंबरदुखीच्या पेशंटला हा पहिल्या दिवशी देणं मला धाडसाचं वाटतं. म्हणून क्लिनिकल पिलाटेजमध्ये आपण व्यायाम सुटा करतो, त्याचे तुकडे करतो. पण नुसतं सोपं करणं म्हणजे क्लिनिकल नव्हे. तुकडा का निवडला, त्यातून काय तपासायचं होतं आणि तो कधी सोडून पुढे जायचं, हे सांगता आलं पाहिजे.

कोर्समधला माझा सगळ्यात आवडता तास स्प्रिंगचा. रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंगला जोडलेली सरकती गाडी असलेल्या पिलाटेजच्या यंत्रावर, जवळपास प्रत्येक नवा फिजिओ एक गोष्ट गृहीत धरून येतो : जास्त स्प्रिंग म्हणजे अवघड, कमी म्हणजे सोपं. पाठीवर झोपून पायांनी गाडी ढकलताना ते खरंही आहे. स्प्रिंग वाढल्या की मांड्यांना काम वाढतं. मग मी त्याच गाडीवर प्लँक करायला, म्हणजे हातापायांवर शरीर फळीसारखं सरळ तोलून धरायला सांगते, हात समोरच्या पट्टीवर, पाय गाडीवर. आधी जड स्प्रिंग. गाडी पुढे ओढली जाते, पण खाली काहीतरी आधार आहे असं वाटतं. मग एकेक स्प्रिंग काढत जायचं. एकच हलकी स्प्रिंग उरली की गाडी पळायला बघते आणि तिला परत आणायचं काम धडावर येतं. व्यायामशाळेत जाणारे दणकट तरुणही इथे थरथरतात. पाय पट्ट्यांत अडकवून गोल फिरवण्याचंही तसंच, तिथे जड स्प्रिंग पायांचं वजन तोलून धरते. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटला आपण ती मदत म्हणून देतो, आणि नंतर तीच मदत हळूहळू काढून घेतो.

म्हणजे स्प्रिंग कधी ओझं असते, कधी आधार, आणि ते ठरतं माणसाने आज काय करायचंय त्यावरून. हे तोंडी सांगून भागत नाही. मी प्रत्येकाला स्प्रिंग स्वतः बदलायला लावते, दोन्ही टोकं करून बघायला लावते आणि मग जोडीदारासाठी निवडायला सांगते. निवडीचं कारण एका वाक्यात द्यायचं. रंग पाठ करू नका, हेही बजावते. स्प्रिंगचे रंग कंपनीगणिक बदलतात. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रासमोर उभं राहिलात की पाठांतर निरुपयोगी ठरतं, आणि कधी कधी धोक्याचंही.

बोलणं हा वर्गातला सगळ्यात नाजूक विषय. फिजिओ फार बोलतात. चांगल्या हेतूने बोलतात, पण बोलतात. मी प्रत्येकाला आपल्या सत्राचं फोनवर रेकॉर्डिंग करायला सांगते आणि ते स्वतःच ऐकून लिहून काढायला लावते. एका मुलाने लिहून आणलेला उतारा, त्याची परवानगी घेऊन, मी पुढे बऱ्याच वर्गांना वाचून दाखवला आहे : "श्वास घ्या, आता सोडा, पोट आत, खांदे खाली, मान लांब, हनुवटी आत, बरगड्या बंद, कंबर न्यूट्रल ठेवा, गुडघा सरळ रेषेत, पाय उचला, श्वास रोखू नका." हे सगळं एका पाय उचलण्यासाठी. माणूस यातलं ऐकणार काय आणि करणार काय? शेवटची सूचना तर पहिल्या दहा सूचनांनी जे घडवलं त्याच्यावरचा उतारा आहे.

गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर एक प्रयोग केला. काहींना पायांनी लावलेल्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांकडे. फरक काही सेंटिमीटरचा. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. त्यानंतर अनेक कामांत हेच दिसत आलं आहे की लक्ष शरीराबाहेरच्या परिणामावर असलं की हालचाल बहुधा सहज होते. मी हे वर्गात करून दाखवते. भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि खाली गोल वाकत या. आधी सूचना : एकेक मणका सुटा करत या. मग दुसरी : तुमच्या शर्टाची मागची शिवण भिंतीवरून वरून खाली सोलत या. दुसऱ्या वेळी बहुतेकांची पाठ मऊ वळते आणि वेगही आपोआप ठीक होतो. आतल्या सूचना कायमच वाईट, असं मी म्हणत नाही. ज्याला आपलं ओटीपोट कुठे आहे याचाच पत्ता नाही, त्याला आधी ते जाणवून द्यावं लागतं. हात ठेवून जाणवून देणं तर त्याहून प्रभावी. हात ठेवण्याआधी विचारायचं, आणि का ठेवतोय तेही सांगायचं. हे फिजिओंना सांगावं लागू नये, पण मी प्रत्येक बॅचला सांगते.

मग गप्प बसण्याचा सराव. एक सूचना द्यायची आणि पुढच्या तीन वेळा तोंड मिटून बघायचं. तिसऱ्या वेळेपर्यंत पेशंट स्वतःच काहीतरी जुळवून आणतो, पण तोवर फिजिओला राहवत नाही. हात शिवशिवतात, ओठ हलतात. हा सराव चुकवायची परवानगी मी कुणालाच देत नाही.

काही शब्द मी वर्गातून सरळ बाद केले आहेत. "मणका सरकलाय", "कंबर अस्थिर आहे", "हा स्नायू झोपलाय". पेशंट ही वाक्यं घरी घेऊन जातो आणि वर्षानुवर्षं सांभाळतो. न्यूझीलंडमध्ये बेन डार्लो यांच्या गटाने २०१३ मध्ये कंबरदुखीच्या लोकांच्या मुलाखती घेऊन हेच दाखवलं : उपचार करणाऱ्याच्या तोंडचा एखादा शब्द माणसाच्या वागण्यावर फार लांबवर राज्य करतो. "अस्थिर" म्हटलं की माणूस वाकणं सोडतो, आणि वाकणं सुटलं की वाकण्याची भीती वाढते.

कोर्सच्या शेवटच्या भागात खरे पेशंट येतात, स्वतःच्या इच्छेने. एका बॅचला साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले होते. तक्रार एकच, बूट घालायला वाकलं की कंबर धरते. ज्या मुलीला मी पुढे बसवलं तिने आदल्या दिवशी सगळ्यात सुबक व्यायाम करून दाखवले होते. तिने त्यांना मॅटवर झोपवलं, न्यूट्रल, म्हणजे कंबरेची मधली सहज स्थिती, शोधला, ब्रिज घेतला, म्हणजे तळवे टेकून कंबर वर उचलायला लावली. काका सगळं छान करत होते. पंधराएक मिनिटांनी मी तिला हळूच विचारलं, "ते कशासाठी आलेत?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, तुमचा बूट घालून दाखवता का?"

त्यांनी खुर्चीवर बसून बूट घेतला. वाकण्याआधी मोठा श्वास घेऊन छातीत कोंडला, पोट आवळलं, पाठ फळीसारखी ताठ केली आणि त्या ताठ पाठीनेच खाली जायचा प्रयत्न केला. गुडघ्यापर्यंत पोचले आणि तोंड वाकडं झालं. "पाठ सरळच ठेवायची असं सांगितलंय ना," ते म्हणाले. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते आम्ही विचारलं नाही.

तिने सूचना काहीच दिली नाही. एक मोठा चेंडू त्यांच्या समोर ठेवला आणि दोन्ही हातांनी तो पुढे लोटत जायला सांगितलं, लोटताना तोंडाने फुंकर घालत. चेंडू पुढे गेला तशी पाठ गोल झाली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. काही वेळा केल्यावर तिने चेंडू जरा लहान घेतला, मग आणखी लहान, आणि मग चेंडूच्या जागी बूट. पट्टी लावताना ते मध्येच तिच्याशी बोलत होते, म्हणजे श्वास मोकळा होता. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. "आहे जरासं, पण धरलं नाही," असं ते म्हणाले. तिने घरी करायला तेवढंच दिलं, एकच गोष्ट. वर्गातल्या एकाने विचारलं, यात पिलाटेज कुठे आहे? तिने उत्तर दिलं, "बसून पुढे वाकायचा स्पाइन स्ट्रेच आहे, खुर्चीवर." मला ते उत्तर इतकं आवडलं की मी त्यात भर घातली नाही.

हे सगळं शिकवताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. पेशंटची हालचाल ज्या नियमांनी शिकली जाते, त्याच नियमांनी फिजिओचं कौशल्यही शिकलं जातं, आणि आपले बहुतेक कोर्स हे विसरून आखलेले असतात. दोन दिवसांत चाळीस व्यायाम दाखवायचे, प्रत्येक लागोपाठ दहा वेळा करून घ्यायचा, संध्याकाळी प्रमाणपत्र. त्या संध्याकाळी सगळ्यांना सगळं येत असतं. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने हाताने पाडायचं काम दोन गटांना दिलं होतं. एका गटाने एकेक क्रम लागोपाठ घोटला, दुसऱ्याने सगळे क्रम मिसळून केले. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे गेला होता. म्हणजे सरावात जे चांगलं दिसतं ते टिकतंच असं नाही.

म्हणून मी कोर्स तोडला. मधे काही आठवड्यांचं अंतर ठेवलं, त्या काळात आपापले पेशंट बघायचे आणि परत यायचं. परत आल्यावर पहिल्या भागातलं काहीही न सांगता विचारायचं, तेही क्रम मोडून. खांदा, मग घोटा, मग मान, मग पुन्हा खांदा. तक्रारी येतात, गोंधळ होतो म्हणून. तो गोंधळ मला हवा असतो, कारण दवाखान्यातही पेशंट क्रमाने येत नाहीत. सुधारणाही मी लगेच सांगत नाही. आधी तू सांग काय झालं, मग मी. पहिल्या भागात मी बरंच बोलते, शेवटच्या भागात कोपऱ्यात बसून नुसती लिहीत असते. निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कामगारांचं चित्रण करून दाखवलं होतं की कसलेल्या कारागिराचाही हात दर घावाला तसाच जात नाही, सांधे थोडे वेगळे वळतात आणि घाव मात्र जागेवर बसतो. माझ्यासारखाच हात ठेवणारे, माझीच वाक्यं बोलणारे फिजिओ मला घडवायचे नाहीत. घाव जागेवर बसला की झालं.

एक काळजी मात्र मोकळेपणाने लिहिते. पिलाटेज शिकल्यावर काही जण फिजिओथेरपी मागे ठेवतात. सुंदर खोली, यंत्रं, संगीत, आणि तपासणी पाच मिनिटांत उरकलेली. लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, रात्री विश्रांतीतही न थांबणारं दुखणं आहे, विनाकारण वजन उतरतंय, पायातली ताकद दिवसागणिक कमी होतेय, हे प्रश्न रिफॉर्मरवर चढवण्याआधी विचारलेच पाहिजेत. पिलाटेजच्या वर्गात गेलेल्या पेशंटलाही ते पुन्हा विचारले पाहिजेत. आपल्याला पिलाटेज शिकवण्याची वेगळी परवानगी कुठून मिळत असेल तर ती या प्रश्नांतून.

माझ्या परीक्षेत म्हणूनच हंड्रेड करून दाखवायला नसतं. एक माणूस, पंचवीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला तो माणूस सांगतो, "आता जास्त दुखतंय." असं सांगायचं आमचं त्याच्याशी आधीच ठरलेलं असतं. उमेदवाराने पुढे काय विचारलं, काय बदललं, आणि थांबायची वेळ असेल तर थांबला का, यावर निम्मे गुण. पुढच्या बॅचला येणाऱ्यांनी आपल्या एखाद्या सत्राचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणावं, पेशंटची लेखी संमती घेऊन, आणि त्यातली स्वतःची वाक्यं हाताने लिहून आणावीत. टाइप केलेली नकोत. हाताने लिहिताना किती लिहावं लागतंय ते कळतं.